पिस्टनची साईज ओळखायची कशी? तीन एका मापाचे, चौथा वेगळाच निघाला

कोरा_ब्लॉक
नमस्कार मंडळी. चार सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन खोललंय. नंबरची प्लेट गायब आहे, आधी कधी काम झालं होतं आणि काय झालं होतं त्याचा कागद नाही. ऑइल खात होतं, निळा धूर होता, ब्लो-बाय (रिंगांजवळून खाली निसटणारा गॅस) इतका की ऑइलचं झाकण काढलं की भसाभस धूर बाहेर. पिस्टन काढून त्यांना १ ते ४ नंबर घालून ठेवलेत. व्हर्नियरने डोक्यापाशी मोजले तर पहिले तीन ९४.९२ च्या आसपास आणि चौथा ९४.४२. बोअर (सिलिंडरचं भोक) मला ९५ चा असावा असं वाटतंय, मग तीन स्टँडर्ड आणि चौथा अर्धा मिलिमीटर बारीक असं काही असतं का? किट मागवायचंय, स्टँडर्ड सांगून टाकू का? डोक्यावर कार्बन इतका बसलाय की काही वाचता येत नाहीये.

मायक्रॉन
दादा, थांबा, अजून काही मागवू नका. माप चुकीच्या जागी घेतलंय म्हणून आकडे गोंधळात टाकतायत. पिस्टन वरपासून खालपर्यंत एका मापाचा नसतोच. डिझेलमध्ये पिस्टनचं डोकं ३०० अंशांच्या पुढे तापतं, ॲल्युमिनियम फुगतं, म्हणून डोक्याकडचा भाग मुद्दाम बारीक ठेवलेला असतो, ९५ च्या बोअरला तो अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त बारीक असू शकतो. खाली स्कर्टला, म्हणजे रिंगांच्या खालच्या भागाला, तो भरतो, आणि तिथेही गोल नसतो, अंडाकृती असतो. गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दिशेने कमी आणि पिनच्या काटकोनात जास्त. पिस्टनची साईज म्हणजे स्कर्टवर, पिनच्या काटकोनात, खालच्या कडेपासून ठरावीक उंचीवर घेतलेलं माप. ती उंची इंजिनच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, बहुतेक ठिकाणी १० ते २० मिमीच्या दरम्यान. मॅन्युअल नसेल तर त्या पट्ट्यात दोन-तीन मिमी वर-खाली करत सगळ्यात मोठा आकडा कुठे येतो ते बघा आणि चारही पिस्टनला तीच उंची ठेवा.

आणि यासाठी व्हर्नियर नको. त्याची लीस्ट काउंट ०.०२ असली तरी जबडा थोडा तिरका बसला की ०.०५ इकडेतिकडे सहज होतं, आणि इथे सगळा खेळच ०.०१ चा आहे. ७५ ते १०० चा बाहेरचा मायक्रोमीटर घ्या, आधी त्याच्यासोबतच्या ७५ च्या स्टँडर्ड रॉडवर शून्य तपासा, रॅचेटनेच फिरवा.

तेलकट_हात
मायक्रॉनशी सहमत. कार्बनचं सांगतो. डिझेलमध्ये किंवा कार्बन काढायच्या लिक्विडमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, मग पितळी ब्रश आणि लाकडी पट्टीने खरवडा. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात अजिबात टाकू नका, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. ड्रिलला लावायचा तारेचा ब्रशही नको, खुणा पुसल्या जातात आणि रिंगच्या खाचांच्या कडा गोल होतात. डोकं स्वच्छ झालं की एक बाण किंवा खाच दिसेल, ती पुढची बाजू. त्याच्या आसपास STD ची (स्टँडर्ड, कारखान्याचं मूळ माप) किंवा ओव्हरसाईजची (बोअर वाढवल्यावर घालायचं मोठं माप) पंचिंग असते, कधी ए, बी, सी असा ग्रेड आणि वजनाचा गट पण असतो. उजेड बाजूने तिरका पाडून बघा, सरळ वरून नाही दिसत.

पिस्टनच्या आतल्या बाजूला जो ओतीव नंबर असतो ना, तो पार्ट नंबर समजून मागवू नका. तो कास्टिंगचा नंबर असतो. एकाच कास्टिंगमधून मशीनिंग करून वेगवेगळ्या साईजचे, वेगवेगळ्या बाऊलचे (डोक्यावरच्या खळग्याचे) पिस्टन निघतात.

थाऊवाला
पंचिंग वाचताना इंच की मिमी तेही बघा. मिमीत ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा पायऱ्या असतात, इंचात १०, २०, ३०, ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). २० थाऊ म्हणजे ०.५०८ मिमी, म्हणून बोलताना लोक दोन्ही एकच म्हणतात आणि तिथे आठ मायक्रॉनने फार बिघडत नाही. घोळ होतो तो नुसतं ४० लिहिलेलं असेल तेव्हा. ४० थाऊ म्हणजे जवळपास १.०२ मिमी, पण काही इंजिनांना ०.४० आणि ०.६० अशा मिमीच्या पायऱ्या असतात. आकडा वाचला तरी मायक्रोमीटर लावल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हे माझं ठाम मत आहे.

कोरा_ब्लॉक
खूप आभार सगळ्यांचे. पिस्टन साफ केले, मायक्रोमीटर मिळाला. स्कर्टला, पिनच्या काटकोनात, खालून १५ मिमीवर मोजले:
१ नंबर ९५.३६
२ नंबर ९५.३५
३ नंबर ९५.३७
४ नंबर ९४.८७
पहिल्या तिघांवर ०.५० असं पंचिंग स्पष्ट दिसतंय. चौथ्यावर STD आहे. म्हणजे तीन ओव्हरसाईज आणि एक स्टँडर्ड?? एकाच ब्लॉकमध्ये? का चौथा पिस्टन चुकून घातला होता कुणी?

जुना_बोरर
चुकून घातला असता तर इतके दिवस चाललं नसतं, अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत पिस्टन पहिल्याच दिवशी घणाघात करून मोकळा झाला असता. चौथा बोअरच वेगळा असणार. ब्लॉकच्या तोंडावर, हेड बसतं त्या फेसवर, चौथ्या सिलिंडरभोवती बारीक गोल रेघ दिसते का बघा. एमरी पेपरने थोडं उजळवा. दिसली तर तिथे ड्राय स्लीव्ह (बोअरमध्ये घट्ट बसवायची नळी) ठोकलेली आहे. मागे कधीतरी तो सिलिंडर चिरलेला किंवा खोल ओरखडलेला असेल, त्यात तयार स्टँडर्ड मापाची स्लीव्ह घालून स्टँडर्ड पिस्टन टाकला असेल आणि बाकीचे तीन ०.५० वरच ठेवले असतील. मी असं करत नाही, स्लीव्ह घातली की तिला बाकीच्यांच्या मापाला बोअर करतो म्हणजे चारही पिस्टन एका साईजचे आणि एका वजनाचे राहतात. पण असं केलेले ब्लॉक येतात आमच्याकडे.

आता बोअर मोजा. पिस्टनवरून फक्त मागच्या माणसाने काय घातलं ते कळतं, आज काय घालायचं ते बोअरच सांगणार. प्रत्येक सिलिंडरची सहा मापं: वर जिथे टॉप रिंग उलटते तिथे, मध्ये, आणि खाली, आणि तिन्ही ठिकाणी दोन दिशांनी, एकदा क्रँकच्या लांबीच्या दिशेने आणि एकदा आडवं. आडव्या दिशेला पिस्टनचा रेटा बसतो म्हणून झीज तिकडे जास्त असते.

आणि सातवं माप सगळ्यात महत्त्वाचं, ते बहुतेक जण घेतच नाहीत. बोअरच्या अगदी वर, टॉप रिंग जिथपर्यंत पोचत नाही तिथे, नखाला एक पायरी लागते. त्या पायरीच्या वरची पट्टी झिजलेली नसते. कार्बन नीट काढून तिथे मोजा, शेवटच्या बोअरिंगचं मूळ माप तिथे जसंच्या तसं मिळतं. झिजलेल्या भागावरून अंदाज बांधायला गेलं तर ९५.६८ बघून माणूस विचारात पडतो की हा ०.५० झिजलेला की आणखी काही, पायरीच्या वर ९५.५० आलं की प्रश्न मिटला.

कोरा_ब्लॉक
काका, रेघ आहे! चौथ्याभोवतीच आहे, बाकी तिघांना नाही. बोअर गेज अजून हातात नाही, तोपर्यंत काही करता येईल का?

मायक्रॉन
येईल की. जुनी रिंगच घ्या. ती बोअरमध्ये खाली घाला, पिस्टन उलटा करून ढकलून सरळ बसवा, आणि फिलर गेजने तोंडाची गॅप मोजा. मग तीच रिंग वर झिजलेल्या जागी आणा, पुन्हा मोजा. बोअरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३.१४ पट गॅप वाढते, म्हणून दोन गॅपमधला फरक भागिले ३.१४ केला की वरखालच्या व्यासातला फरक येतो. त्याने अंडाकृती झीज कळत नाही, सरासरीच मिळते, पण टेपर किती झालाय ते बऱ्यापैकी पकडता येतं. याच हिशोबाने स्टँडर्ड रिंग ०.५० च्या बोअरमध्ये घातली तर गॅप दीड मिमीने जास्त निघते, चुकीची रिंग ओळखायला हे बरं पडतं.

गेज आला की मायक्रोमीटर ९५.५० ला लॉक करून त्यात तो शून्य करा. बोअरमध्ये घालून हळूहळू पुढेमागे झुलवा, काटा जिथून परत फिरतो तो आकडा घ्यायचा.

कोरा_ब्लॉक
रिंगने केलं. १ नंबरला खाली ०.७०, वर १.०६. म्हणजे ०.३६ भागिले ३.१४, साधारण ०.११ चा फरक.

आज गेज मिळाला, पूर्ण मापं टाकतोय. १ नंबर: पायरीच्या वर ९५.५०. टॉप रिंगच्या जागी आडवं ९५.६८, क्रँकच्या दिशेने ९५.६१. मध्ये ९५.६० आणि ९५.५७. खाली दोन्हीकडे ९५.५३. २ आणि ३ थोडे कमी झिजलेत, वर आडवं ९५.६४ आणि ९५.६५. ४ नंबर: पायरीच्या वर ९५.००, झिजलेल्या जागी ९५.११.

रिंगवाला हिशोब गेजशी जुळला! आता ९५.७५ मध्ये बसेल ना? ९५.६८ च्या वर ०.०७ शिल्लक राहतायत, मग ०.७५ चे पिस्टन मागवू?

जुना_बोरर
इथेच पाय घसरतो. ०.०७ शिल्लक व्यासात आहेत, आणि झीज दोन्ही बाजूंना सारखी होत नाही. तुमचा मूळ बोअर ९५.५०, ०.७५ ला न्यायचा म्हणजे ९५.७५, प्रत्येक भिंतीतून ०.१२५ निघणार. वरची झीज ०.१८ आहे. ती दोन्ही भिंतींना ०.०९ अशी वाटली गेली असेल तर साफ निघेल. पण रेट्याच्या बाजूची भिंत एकटीच ०.१३ किंवा ०.१४ झिजली असेल, आणि असं असतंच बहुतेक वेळा, तर बोअरिंग झाल्यावर तिथे काळा पट्टा तसाच राहील. मग सेंटर सरकवून काढायचा मोह होतो. ते करायचं नाही, बोअरचं सेंटर क्रँकच्या हिशोबात राहिलंच पाहिजे. शिवाय टूलने शेवटपर्यंत काढायचं नसतं, शेवटचे ०.०५ ते ०.०८ होनिंगसाठी (दगडाने बारीक घासण्यासाठी) ठेवावे लागतात.

म्हणून १.०० ला जा, बोअर ९६.००. सगळ्या इंजिनांना ०.७५ मिळतं असंही नाही.

थाऊवाला
काकांचा मान राखून, माझं मत वेगळं आहे. १.०० ही बहुतेक इंजिनांची शेवटची पायरी, त्यानंतर ब्लॉकला स्लीव्हच लागणार. एवीतेवी चौथ्यात स्लीव्ह आहेच, मग आत्ताच चारही सिलिंडरला नव्या ड्राय स्लीव्ह घालून स्टँडर्डला आणलं तर पुढच्या वेळी पूर्ण मोकळीक राहते. स्टँडर्डचे पिस्टन-रिंग मिळायलाही सोपे.

जुना_बोरर
मत चुकीचं नाही तुमचं. पण स्लीव्ह घालणं म्हणजे ब्लॉक आणखी मोठा बोअर करणं, भिंत पातळ करणं, आणि घट्ट बसवायचा फरक बरोबर ठेवणं. सैल बसली तर उष्णता पाण्याकडे जात नाही, जास्त घट्ट बसवली तर शेजारचा बोअर वाकडा होतो. ब्लॉक पाण्याच्या बाजूने गंजलेला असेल तर मी तो धोका गरज नसताना घेत नाही. तीन सिलिंडर १.०० ला साफ निघतायत तर त्यांना हात का लावायचा.

चौथ्याचं मात्र बघावं लागेल. स्टँडर्डवरून ९६.०० ला न्यायचं म्हणजे स्लीव्हच्या भिंतीतून अर्धा मिमी जाणार. तोंडावर स्लीव्हची जाडी किती दिसते मोजा. आणि सरळपट्टी आडवी ठेवून स्लीव्ह फेसच्या वर आलीय का खाली बसलीय तेही बघा.

कोरा_ब्लॉक
जाडी २.५ मिमी. सरळपट्टीखाली सगळ्यात पातळ फिलरही जात नाही, फेसला अगदी बरोबर आहे.

जुना_बोरर
मग २ मिमी राहतात, पुरेसं आहे. हलकं टिचकावून बघा, भरीव आवाज आला पाहिजे. चारही १.०० ला करा.

गॅस्केटवाली
व्यासावर चर्चा छान झाली, पण साईज म्हणजे फक्त व्यास नाही हो. मागवायच्या आधी जुन्या पिस्टनची बाकीची मापं लिहून घ्या, कारण त्याच बोअरचे पण वेगळ्या मॉडेलचे पिस्टन डोळ्याला सारखेच दिसतात.

कॉम्प्रेशन हाईट घ्या, म्हणजे गजन पिनच्या सेंटरपासून डोक्यापर्यंतची उंची. सेंटर हाताला लागत नाही, म्हणून पिनच्या भोकाच्या वरच्या कडेपासून डोक्यापर्यंत मोजायचं आणि त्यात भोकाचा अर्धा व्यास मिळवायचा. तुमच्या पिनचा व्यास ३० असेल आणि वरचं माप ४३.१० आलं तर हाईट ५८.१०. ब्लॉकचा फेस घासलेला असेल त्यांच्यासाठी कमी हाईटचे रिपेअर पिस्टन पण असतात, ते चुकून आले तर कॉम्प्रेशन पडतं आणि थंडीत सुरू होत नाही. उलटं झालं तर पिस्टन व्हॉल्व्हला लागतो.

मग बाऊल. वरचा व्यास, खोली, मध्यावर आहे की सरकलेला, व्हॉल्व्हसाठी खळगे आहेत का. इंजेक्टरचा फवारा त्या बाऊलसाठीच जुळवलेला असतो, बाऊल बदलला की काळा धूर आणि डोकं जळणं. रिंगच्या खाचांची रुंदी आणि पहिली खाच सरळ की तिरकी तेही. बऱ्याच डिझेल पिस्टनला पहिली रिंग पाचरीच्या आकाराची असते, सरळ रिंग तिच्या खाचेत बसल्यासारखी वाटते पण काम करत नाही. आणि खाली क्रँककेसमध्ये ऑइल जेट (पिस्टनवर ऑइल उडवणाऱ्या नळ्या) असतील तर स्कर्टला त्यासाठी कट आहे का बघा. कट नसलेला पिस्टन खाली आला की जेट तोडतो.

पिन, पिनची लांबी, हेही. फोटो काढून ठेवा चारही बाजूंनी.

तेलकट_हात
ताईंनी जेटचं सांगितलं ते सोनं आहे. बॉटम डेड सेंटरला (पिस्टन सगळ्यात खाली असताना) हाताने फिरवून बघितल्याशिवाय कधीच सेल मारायचा नाही.

कोरा_ब्लॉक
ताई, सगळं मोजलं. पिन ३०, हाईट चारही पिस्टनला ५८.१० च्या आसपास, पहिली खाच तिरकीच आहे. जेट आहेत आणि कटही आहे. फोटोंसकट पाठवलं, १.०० चा सेट आलाय. डबीवर १.०० लिहिलंय. आता ब्लॉक टर्नरकडे देऊ ना ९६.०० सांगून?

मायक्रॉन
आधी नवे पिस्टन मोजा. डबीवरच्या आकड्याला बोअर करायचं नसतं, हातातल्या पिस्टनला करायचं असतं. एक रात्र पिस्टन, ब्लॉक आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत राहू दे. मापाचं ठरलेलं तापमान २० अंश आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, ९५ च्या पिस्टनला १० अंशांनी साधारण ०.०२ मिमीचा फरक पडतो, आणि ०.०२ म्हणजे तुमच्या क्लिअरन्सचा (पिस्टन आणि बोअरमधल्या फटीचा) पाचवा हिस्सा गेला. उन्हात ठेवलेला पिस्टन मोजून थंड ब्लॉक बोअर केला की हिशोब चुकतो. स्कर्टवर काळं ग्राफाईटचं कोटिंग असेल तर तेही मापात येतं, सोबतच्या कागदावर माप कोटिंगसकट आहे की शिवाय ते वाचा.

कोरा_ब्लॉक
मोजले: ९५.८९, ९५.८९, ९५.९०, ९५.८९. कोटिंग नाही. सोबतच्या कागदावर क्लिअरन्स ०.१०५ ते ०.१२५ दिलंय.

जुना_बोरर
मग १, २ आणि ४ नंबर ९६.००, आणि ९५.९० वाला तिसऱ्यात घालायचा, तो ९६.०१. चारही पिस्टनवर मार्करने सिलिंडर नंबर लिहून ब्लॉकसोबत द्या. सांगा की ९५.९४ पर्यंत टूलने काढ आणि बाकी होन कर, होनिंगच्या रेघांची जाळी साधारण ४५ अंशांची आली पाहिजे. टॉर्क प्लेट (हेडच्या जागी कसायची जाड प्लेट) असेल तर लावून होन करायला सांगा. परत आला की बोअर कोमट पाणी, साबण आणि ब्रशने धुवा. नुसत्या डिझेलने होनिंगची पूड निघत नाही, रेघांमध्ये बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. पांढरं फडकं फिरवल्यावर काळं व्हायचं थांबेपर्यंत धुवा आणि लगेच ऑइल लावा.

कोरा_ब्लॉक
आला. गेजने पडताळलं, १, २, ४ ९६.०० आणि ३ ९६.०१, टेपर काट्याला जाणवत नाही इतका कमी. रिंग गॅप किती धरायची?

थाऊवाला
रिंगच्या पाकिटावर असेल ते पहिलं. नसेल तर जुना हिशोब, बोअरच्या दर इंचाला ३ ते ४ थाऊ. ९६ ला ०.२९ ते ०.३८ मिमी येतं. कमी असेल तर बारीक कानसीने एकाच दिशेने, बाहेरून आत घासा. प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये मोजा.

कोरा_ब्लॉक
टॉप रिंग चारही ०.३३ ते ०.३६. वजनात चारही पिस्टन ४ ग्रॅमच्या आत. क्रँक, बेअरिंग, पिस्टन बसवले, हाताने फिरवलं, जेटला कुठे लागत नाही.

गॅस्केटवाली
आता डायल गेज लावून टॉप डेड सेंटरला (पिस्टन सगळ्यात वर असताना) प्रत्येक पिस्टन फेसच्या किती वर येतो ते घ्या. पिनच्या रेषेवर दोन्ही टोकांना मोजून सरासरी काढा, रेट्याच्या बाजूला मोजलं तर पिस्टन डुलतो आणि आकडा खोटा येतो. गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात, त्यावरून जाडी कळते. सरासरीवर नाही, सगळ्यात जास्त वर येणाऱ्या पिस्टनवर गॅस्केट ठरवा.

कोरा_ब्लॉक
०.६२, ०.६४, ०.६६, ०.६३. जुन्या गॅस्केटला एक खाच होती. मॅन्युअलची प्रत अखेर मिळाली, त्यात ०.६५ च्या वर गेलं की दोन खाचांचं गॅस्केट लिहिलंय. तिसऱ्यामुळे दोन खाचांचं मागवलंय.